पार्श्वभूमि पुसणारीं भिंगें

चित्रफितीच्या कलेविषयीं हल्लीं जें लिखाण होतें त्यांत यंत्रांचीं परीक्षणें फार आणि विचार थोडा, अशी स्थिति झाली आहे. नवा कॅमेरा बाजारांत आला कीं त्याच्या भिंगाचीं, चित्रांतील ठिपक्यांच्या संख्येचीं आणि मंद प्रकाशांतील पराक्रमांचीं वर्णनें होऊं लागतात. तक्ते टांगून आणि विटांची भिंत समोर धरून त्याची परीक्षा घेतली जाते. आणि ‘चित्र अगदीं सिनेमासारखें दिसतें’ असा निर्णय दिला कीं परीक्षकाचें काम संपतें. हें चित्र कोण काढणार, कोठें काढणार आणि कशाचें काढणार, हे तीन प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. बियाणें घेतांना आपली जमीन काळी कीं मुरमाड हें शेतकरी प्रथम पाहतो. कॅमेरा घेतांना मात्र आमच्या खेड्यापाड्यांतील तरुणांनीं मुंबईच्या स्टुडिओची जमीन गृहीत धरावी, असा सल्ला त्यांना रोज मिळत असतो. त्या सल्ल्याविरुद्ध आमची तक्रार आहे.

वादाचा विषय नेमका सांगतों. कोणा निर्मात्याच्या किंवा वृत्तवाहिनीच्या पगारावर न राहतां, स्वतंत्रपणें चित्रफिती करूं इच्छिणाऱ्या माणसापुढें आज तीन प्रकारचीं यंत्रें आहेत. पहिलें, मोठ्या सेन्सरचा आणि भिंगें बदलतां येणारा कॅमेरा. दुसरें, खिशांतला मोबाइल. तिसरें, या दोहोंच्या मधला, भिंग अंगालाच जडवलेला, हातांत धरून तासन्‌तास चालवावयाचा डिजिटल कॅमकॉर्डर. व्यापारी त्याला ‘अर्ध-व्यावसायिक’ म्हणतात आणि लोक ‘लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा’ म्हणतात. पहिल्याचें आज स्तोम माजलें आहे. दुसऱ्याच्या नांवानें लोकशाहीचा जयजयकार चालला आहे. तिसऱ्याला हंसण्याची चाल पडली आहे. आमचें म्हणणें असें कीं, राळेगांवसारख्या ठिकाणीं राहून तेथील जीवनाचें चित्रण करूं पाहणाऱ्यास हा हंसण्यावारी नेलेला तिसरा कॅमेराच सर्वांत उपयोगाचा आहे, आणि त्याला जीं दूषणें दिलीं जातात त्यांतील निम्मीं वस्तुतः त्याचे गुण आहेत.

राळेगांवचेंच नांव कां घेतलें, तें सांगितलें पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यांतील हें तालुक्याचें ठिकाण. एका अंगास वर्धा नदी, सभोंवार कापसाची काळी जमीन, आणि पांढरकवड्याच्या दिशेनें जंगल व कोलामांचीं पोडें. या मुलखावर अलीकडे दोन वेळां सबंध देशाचे कॅमेरे रोखले गेले. २०१७ च्या हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेंकडों रुग्णालयांत पडले. पुढच्याच वर्षीं वाघिणीचें प्रकरण गाजलें. शासन तिला टी-१ म्हणे, शहरांतील प्राणिप्रेमी तिला अवनी म्हणत. २०१६ पासून तेरा माणसें मारल्याचा आरोप तिच्यावर होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं याच तालुक्यांत, बोराटीच्या परिसरांत, ती गोळी घालून मारण्यांत आली. त्या रात्रीं घडलें तें नियमानुसार कीं नियम मोडून, यावर चौकशा झाल्या आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. २०२१ सालीं ‘शेरनी’ हा हिंदी चित्रपट आला. त्याची कथा या प्रकरणाची आठवण करून देते. परंतु त्याचें चित्रण झालें तें मध्यप्रदेशाच्या जंगलांत.

दोन्ही वेळां वृत्तवाहिन्यांच्या गाड्या आल्या आणि गेल्या. ज्याला वाघिणीच्या भीतीनें वावरांतली जागल सोडावी लागली, ज्या बाईचा धनी फवारणीहून परत आला आणि दोन दिवसांत डोळे मिटून बसला, त्यांचें म्हणणें देशानें ऐकलें तें अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत. पंप कसला होता, औषध कोणी दिलें, तोंडाला फडकें कां बांधलें नव्हतें, दिवसाची मजुरी किती, हें सांगावयास वेळ लागतो. शोकांत असलेलें माणूस सरळ रेषेंत बोलत नाहीं. तें आधीं भावाच्या लग्नाची गोष्ट सांगतें, मग कर्जाची, मग थांबतें, पाणी पितें, आणि मुख्य गोष्ट चाळिसाव्या मिनिटाला तोंडांतून निघते. त्या चाळिसाव्या मिनिटापर्यंत जो कॅमेरा चालूं राहील तोच आम्हांस हवा आहे. कसोटी ठरली ती ही.

या कसोटीवर मोठ्या सेन्सरचा कॅमेरा कसा उतरतो तें पाहूं. या पंथाचा उदय २००८ सालचा. त्या वर्षीं कॅननचा ‘फाइव्ह-डी मार्क टू’ हा छायाचित्रांचा कॅमेरा चलच्चित्रेंहि घेऊं लागला आणि स्वस्तांत सिनेमासारखें चित्र मिळतें म्हणून सर्वत्र आनंदीआनंद झाला. तो सुमारें बारा मिनिटें चित्रण करून थांबत असे, कारण त्याची एक फाइल चार गिगाबाइटांपलीकडे जात नसे. ध्वनीची पातळी हातानें ठरविण्याची सोयहि त्यांत २०१० पर्यंत नव्हती. पुढें या जातीच्या पुष्कळ यंत्रांवर एकोणतीस मिनिटें एकोणसाठ सेकंदांची मर्यादा आली, आणि तिचें कारण कलेंत नसून युरोपांतील जकातीच्या वर्गवारींत होतें: तीस मिनिटें चालणारें यंत्र व्हिडिओ कॅमेरा ठरून त्यावर अधिक कर बसे. युरोपच्या नाक्यावरील जकात वांचावी म्हणून विदर्भांतील विधवेचें बोलणें अर्ध्यांत तुटावें, यासारखा दुसरा विनोद नाहीं. नव्या यंत्रांतून ही मर्यादा बरीचशी गेली आहे हें खरें; परंतु वैशाखांतील उन्हांत तापून बंद पडण्याची खोड त्यांतील कित्येकांस अद्याप आहे, आणि वैशाख आमच्याकडे चांगलाच असतो.

परंतु आमचा मुख्य आक्षेप वेळेचा नाहीं. तो त्या पंथाच्या देवतेवर आहे. म्हणजे धूसर पार्श्वभूमीवर. माणसाचा चेहरा तेवढा रेखीव, आणि त्यामागील सर्व जग साखरेच्या पाकासारखें विरघळलेलें, याला आज ‘सिनेमॅटिक’ म्हणतात. शहरांतील कॉफीच्या दुकानांत बसलेल्या नायकामागील दिवे विरघळले तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. पण धुऱ्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्यामागें काय असतें? बोंडअळीनें पोखरलेली कपाशी असते, आटलेली विहीर असते, शेजाऱ्याच्या ओलिताची हिरवी पट्टी असते, आणि तिच्यापलीकडे जेथून वाघीण येते तें रान असतें. त्याचें सारें म्हणणें त्या पार्श्वभूमीविषयीं आहे. ती पुसून टाकून त्याचा सुरकुतलेला चेहरा तेवढा सुंदर दाखविणें म्हणजे फिर्यादीचें चित्र ठेवून फिर्याद फाडून टाकणें होय. दुःखाचें असें शोभिवंत चित्र पाहून प्रेक्षकाला हळहळ वाटते. पण कां हळहळावें हें त्याला कळत नाहीं.

यावर कोणी जाणता म्हणेल कीं, मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यानेंहि पार्श्वभूमि स्पष्ट ठेवतां येते; भिंगाचें तोंड लहान केलें कीं झालें. हें बरोबर आहे, आणि याच उत्तरांत त्या पक्षाचा पराभव आहे. मोठा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरांचा. कॅमकॉर्डरांत हल्लीं आढळणारा, ‘एक इंची’ या फसव्या नांवाचा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरांचा. दोहोंचें गुणोत्तर सुमारें २.७. लहान सेन्सरवर एफ २.८ ला जेवढी खोली स्पष्ट दिसते तेवढी मोठ्यावर मिळविण्यास भिंग एफ ७.६ च्या जवळ मिटावें लागतें. इतकें मिटल्यावर आंत येणारा प्रकाश तितकाच उणावतो, आणि मंद प्रकाशांतील ज्या श्रेष्ठत्वासाठीं एवढे पैसे मोजले तें तेथल्या तेथें खर्चीं पडतें. ज्याला सर्व कांहीं स्पष्ट हवें आहे, त्याला मोठ्या सेन्सरपासून लाभ फारच थोडा. ज्याला जग पुसावयाचें आहे त्यालाच तो पुरा लाभतो.

आतां ज्याची बाजू घेतली त्याची परीक्षा करूं. या जातीचा वंश पाहण्यासारखा आहे. १९९५ सालीं सोनीचा ‘व्हीएक्स-१०००’ आला. तीन सेन्सर, हाताच्या पंजाएवढीहि नसलेली डिजिटल कॅसेट, आणि एका तारेनें संगणकांत चित्र उतरविण्याची सोय. त्या तारेनें संकलनाची खोली प्रथमच गरिबाच्या घरांत आणली. २००० सालच्या ‘पीडी-१५०’ नें व्यावसायिक मायक्रोफोन जोडण्याचीं घरें दिलीं, आणि २००२ मध्यें पॅनासॉनिकच्या ‘डीव्हीएक्स-१००’ नें चित्रपटाच्या गतीनें चित्रें घेण्याची सोय या किंमतीच्या यंत्रांत आणली. चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचें, प्रवाह सेकंदास २५ मेगाबिटांचा, कॅसेट साठ मिनिटांची. आजच्या मानानें हें दरिद्री वाटेल; पण जगांतील किती तरी निर्भीड माहितीपट या दारिद्र्यांतून निघाले. २०१५ सालीं जाहीर झालेला सोनीचा ‘एनएक्स-१००’ हा याच कुळांतील. आपल्याकडे लग्नाच्या शूटिंगवाल्यांत तो पुष्कळ खपला, म्हणून उदाहरणास तोच घेतों.

त्याचें भिंग २९ पासून ३४८ मिलिमीटरांपर्यंतचें काम एकट्यानें करतें. म्हणजे ओसरीवरील सबंध कुटुंब आणि नदीपलीकडची बैलगाडी यांच्यामध्यें भिंग बदलावें लागत नाहीं, आणि कापूस वेचणीच्या धुळींत सेन्सर उघडा पडत नाहीं. भिंगावर तीन कडीं आहेत. दृश्य जवळ आणणें, स्पष्ट करणें आणि प्रकाश आंवरणें हीं तिन्ही कामें डोळा न हलवितां बोटांनीं होतात. ऊन फार झालें तर काळसर कांच आंतल्या आंत पुढें सरकते. ती एक चतुर्थांश, एक षोडशांश आणि एक चौसष्टांश अशी तीन प्रकारची आहे. उमललेला कापूस आणि उन्हानें रापलेला हात एकाच चौकटींत आले कीं कापूस पांढरा फटक होऊन त्याचे धागे नाहींसे होतात. कोठें हा धोका आहे तें पडद्यावर पट्टे उमटून आधींच दिसतें. दोन कार्डांची सोय आहे. एक भरलें कीं दुसरें चालूं होतें, किंवा दोहोंवर एकदम नोंद होते. चौसष्ट गिगाबाइटांचें एक कार्ड पन्नास मेगाबिटांच्या प्रवाहालाहि अडीच तासांहून अधिक पुरतें. बॅटरी ‘एनपी-एफ’ जातीची, जी ‘पीडी-१५०’ लाहि चालत असे. ज्या गांवीं वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं, तेथें जुन्या यंत्राची बॅटरी नव्यास चालणें ही लहान गोष्ट समजूं नये.

परंतु आमच्या मतें या यंत्राची खरी योग्यता त्याच्या कानांत आहे. दोन मायक्रोफोन तिहेरी टोंकाच्या पक्क्या तारेनें जोडतां येतात, त्यांना लागणारे ४८ व्होल्ट यंत्रच पुरवितें, आणि प्रत्येकाची पातळी स्वतंत्र बटणानें हातीं राहते. ही हातची पातळी फार महत्त्वाची आहे. आपोआप पातळी ठरविणाऱ्या यंत्रापुढें माणूस बोलतां बोलतां थांबला, कीं यंत्राला वाटतें आवाज कमी झाला. तें आवाज चढवितें, आणि त्या शांततेंत पंख्याची घरघर व रस्त्यावरचा ट्रक शिरतो. दुःखी माणसाचें मौन हा त्याच्या बोलण्याचा भाग आहे. तें मौन ज्याला मौन म्हणून टिपतां येत नाहीं त्याला माहितीपट करतां येत नाहीं. शिवाय बोलीचा प्रश्न आहेच. ‘काय करून राह्यला’ या वऱ्हाडी बोलण्यांतला हेल अक्षरांत उतरत नाहीं. कोलामीसारख्या भाषेची तर बरीच संपत्ति अद्याप बोलण्यांतच आहे. पुस्तकी मराठींत उपशीर्षकें देतां येतील; तो हेल मागाहून कोठून आणणार? आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ सालीं पुरा झाला, चौदा वर्षांच्या चित्रणानंतर. त्याची अर्धी शक्ति त्यांत गाणाऱ्या शाहिरांच्या गळ्यांत आहे. तो आवाज जर फुटका उतरला असता, तर चित्र कितीहि रेखीव असून काय उपयोग होता?

मोबाइलच्या कैवाऱ्यांचें म्हणणें अधिक सहानुभूतीनें ऐकलें पाहिजे, कारण तो सर्वांच्या हातीं आहे आणि अचानक घडलेल्या अन्यायाचा साक्षीदार होण्याची योग्यता त्याच्यांत आहे. पण साक्षीदार आणि बखरकार यांत फरक आहे. मोबाइल चित्र नुसतें टिपीत नाहीं. तो आपल्या समजुतीप्रमाणें तें सुधारतो, चेहरा उजळतो, आवाज गाळतो, आणि त्यानें काय बदललें हें धन्याला सांगत नाहीं. मध्येंच फोन येतो, जागा संपते, आणि तीच फीत मित्रांच्या समूहावर धाडली कीं दाबून दाबून तिचा चोथा होतो. आणखी एक गोष्ट आहे. मोबाइल लपवितां येतो. कॅमकॉर्डर लपत नाहीं. समोर तिपाईवर यंत्र उभें आहे हें पाहून बोलणाऱ्यास आपलें बोलणें नोंदलें जात आहे याची जाणीव राहते, आणि ‘एवढें टाकूं नका’ असें म्हणण्याचा हक्क त्याला मिळतो. अधिकाऱ्यांचें लक्ष वेधतें ही त्याची अडचण खरी. पण दुर्बळाच्या घरांत जातांना उघड्या हातानें जाणें हेंच योग्य.

कॅमकॉर्डरचे दोष झांकण्याची आम्हांस गरज नाहीं. जंगलाच्या कडेला, काळोखांत, केवळ कंदिलाच्या उजेडावर चित्रण करावयाचें असेल तर मोठा सेन्सर आणि मोठ्या तोंडाचें भिंग यांपुढें तो हरतो. तेथें खोलीचा आग्रह सोडून प्रकाशच घ्यावा लागतो. आकाश आणि सावली एकदम सांभाळण्याची त्याची ताकदहि कमी आहे. आम्ही सांगितलेल्या यंत्रांत चार हजार ठिपक्यांचें चित्र मिळत नाहीं, आणि महोत्सवांतील कांहीं निवडकांस तें खटकेल. परंतु हे दोष चित्राचे आहेत. मजकूर बुडविण्याचे नाहींत.

‘यंत्रावर एवढा काथ्याकूट कशाला? खरा कलावंत कशानेंहि काम करील,’ असें म्हणणारा एक तिसरा पक्ष आहे. तो फाळक्यांचें नांव घेतो. फाळक्यांनीं १९१२ सालीं विलायतेहून विल्यम्सन कॅमेरा आणला आणि वाटाण्याचें रोप वाढतांना टिपून दाखविलें, हें सर्वांस ठाऊक आहे. पण कोणतें यंत्र आपल्या कामास येईल हें जाणण्यासाठीं ते स्वतः लंडनला गेले होते हें सांगावयाचें राहतें. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांना मनाजोगा कॅमेरा मिळेना तेव्हां त्यांनीं तो घडविला; आणि पुढें १९२५ सालीं कर्जांत बुडालेल्या शेतकऱ्याचें चित्र काढलें, ‘सावकारी पाश’. मालेगांवच्या मंडळींनीं सायकलीवर कॅमेरा चालविला आणि बैलगाडीची क्रेन केली, तेंहि यंत्राकडे दुर्लक्ष करून नव्हे. आपल्या गांवच्या मोजमापानें यंत्र वांकवून. आमच्या शेजारीं, तेलंगणांतील पस्तापूरच्या दलित शेतकरी स्त्रियांनीं, ज्यांतील पुष्कळींस अक्षरओळखहि नव्हती, २००३ सालीं वरंगळच्या शेतकऱ्यांचा बीटी कापसावरील राग चित्रफितींत मांडला. तें पीक त्यांना ठाऊक होतें, ती भाषा त्यांची होती, आणि संबंध हंगामभर पुन्हां पुन्हां त्याच वावरांत जाण्याइतका धीर त्यांच्यापाशीं होता. कापसाचा प्रश्न राळेगांवचाहि तोच. खोटी नम्रता धरून ‘कसलेंहि यंत्र चालेल’ म्हणणारे या सर्वांच्या कष्टांचा अपमान करतात.

तेव्हां राळेगांवच्या, किंवा तशा कोणत्याहि गांवच्या, तरुणास आमचें सांगणें असें आहे. नवेंच यंत्र हवें असें नाहीं. लग्नसराई संपल्यावर शूटिंगवाले आपले कॅमेरे विकतात, ते पारखून घ्या. तिघांचौघांनीं मिळून घ्या. सगळा पैसा यंत्रांत घालूं नका. मायक्रोफोन, कानाला लावावयाचे हेडफोन आणि बळकट तिपाई यांसाठीं त्यांतला तिसरा हिस्सा राखून ठेवा. दुकानांतल्या दिव्याखालीं परीक्षा करूं नका. बाजार समितींत कापसाचा काटा चालूं असतां त्या गलबल्यांत एका माणसाला तासभर बोलूं द्या, घरीं जाऊन डोळे मिटून ऐका, आणि प्रत्येक शब्द कळला तरच पैसे मोजा. कार्ड पुसण्यापूर्वीं दोन ठिकाणीं प्रती ठेवा. कॅसेट निदान कपाटांत पडून राहत असे, कार्ड मात्र दुसऱ्या लग्नासाठीं पुसलें जातें आणि त्याबरोबर गांवाचा इतिहासहि जातो.

आणि ‘लग्नाचा कॅमेरा’ म्हणून कोणी हंसला तर त्याचें वाईट वाटून घेऊं नका. लग्नाचा शूटिंगवाला ‘पुन्हां एकदां करा’ असें म्हणूं शकत नाहीं. मंगलाष्टकें एकदांच होतात, अक्षता एकदांच पडतात, आणि सासरीं निघतांना मुलगी आईच्या गळ्यांत पडते तीहि एकदांच. मांडवांतल्या त्या गर्दींत, घामांत, वीज जाण्याच्या धाकांत आणि बँडच्या कल्लोळांत जें यंत्र कधीं चुकलें नाहीं, तेंच उद्यां फवारणीच्या हंगामांत आणि ग्रामसभेंत न चुकतां चालेल. सिनेमासारखें चित्र काढणारे पुष्कळ आहेत. राळेगांवसारखें चित्र काढणारा अजून यावयाचा आहे. आणि तो येईल तेव्हां त्याच्या भिंगांत माणसाबरोबर त्याचें वावरहि स्पष्ट दिसलें पाहिजे, एवढाच आमचा आग्रह आहे.